निवदाआधीचा वाटा

हे मी कुणाला सांगितलेलं नाय. नवऱ्याला नाय, लेकीला नाय, चर्चच्या मंडळीतल्या एका बाईला नाय. किती पाळक आले, किती बदलून गेले, त्यांच्यातल्या एकालाबी नाय. प्रभूला ठाव हाय — पण त्याच्यापुढंबी तोंडानं कधी बोलले नाय. डोळे मिटले की दुसरंच काहीतरी मागायची. पाऊस, पोराची नोकरी, गुडघे.

तुला सांगते. तू कोण, कुठली, मला ठाव नाय. म्हणूनच सांगता येतंय, नाय का?

एक आधीच सांगून ठेवते. मी रडत नाय हाय. मला राग आलाय. रविवारपासून नुसता राग. भाकर थापते तर भाकर फाटती, एवढा हात आपटतोय. सून म्हणली, "आत्या, परातीनं काय केलंय तुमचं?" आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतेत. मी पण म्हणायची माझ्या सासूला. आत्या.

काय सांगू सुनेला? परातीनं काय केलंय?

रविवारी मी परत साक्ष दिली.

साक्ष म्हणजे — तुला ठाव नसंल तर — आमच्यात नवा माणूस प्रभूकडं आला की चारचौघांत उभं राहून सांगतो. आधी मी असा व्हतो, मग प्रभू भेटला, मग असं असं झालं. खरं सांगायचं असतंय. बाकी काय नाय, नुसतं खरं. आणि जुन्या माणसालाबी अधूनमधून उभं करतेत, नव्यांना बळ यावं म्हणून.

माझी साक्ष लई नावाजलेली हाय. चिकलठाण्यात, करमाडकडं, कुठं कुठं सभेला मला जीपमधी बसवून न्यायचे. तिकडं कुणाला माझं नाव ठाव नसायचं. "निवद नाकारलेल्या बाई आल्या का?" असं विचारायचे. मला बरं वाटायचं. आता सांगायचंच म्हणल्यावर हे पण सांगते — लई बरं वाटायचं.

साक्ष अशी हाय. मी मेंढरं राखणाऱ्या घरची सून. मी प्रभूला मानलं. घरात म्हसोबाची कंदुरी झाली, बोकड कापला. सासू म्हणली निवदाचं खा. मी म्हणले, मूर्तीला दाखवलेलं मी तोंडात घालणार नाय. मग सासूनं मला उपाशी ठेवलं. पदराखाली तान्ही पोर. दूध आटलं. पोर रडून रडून निळी पडली, पण मी प्रभूला सोडलं नाय.

इथं मी थांबते. कुठं थांबायचं ते मला बराबर ठाव हाय. बाया पदर डोळ्याला लावतेत. मग पाळक म्हणतेत, "हालेलुया."

पहिल्या साक्षीत मी एक रात उपाशी व्हते. मग दोन-तीन दिवस झाले. पोर निळी पडलेली तर मागाहून आली, मलाच आठवत नाय कवापासून.

माझी पोर निळी पडली नाय कधी. तांबडी व्हती, टोमॅटोसारखी.

थांब जरा. असं एकदम नाय सांगता येत. मागून सांगते.

निजामावर पोलीस ॲक्शन झालं तवा मी आईच्या कडंवर व्हते. आई मला घेऊन ज्वारीत लपली व्हती, असं ती सांगायची. मला ते आठवत नाय. त्याच्या मागची वर्षं आठवतेत. बाप मेलेला, आई दुसऱ्याच्या रानात. चुलीवर नुसतं पाणी ठेवायची आई, आम्ही पोरं झोपावं म्हणून. भूक मला ठाव हाय. पोटात नाय लागत ती, कानात लागती — कानात शीळ वाजती. ती खरी भूक. ती भूक मी उचलली आणि सासूच्या नावावर लावली. बघ. आपल्या आईघरची भूक दुसऱ्या बाईच्या नावावर लावली. अशी बाई तू बघितली का कुठं?

लग्न होऊन करमाडच्या पलीकडं आले, तवा पहिल्यांदा पोटभर जेवले. सासू विधवा. मोठा दीर, जाऊ, आम्ही, आणि मेंढरं. नवरा वर्षातलं निम्मं रानोमाळ. सासू बोलायला लई कडक. काळी, उंच, हातात कायम काठी. लांडग्याच्या तोंडातून कोकरू ओढून काढलेली बाई. मला म्हणायची, "कौसे, एवढं हळू खातीस, मेंढरं म्हातारी व्हतील तवर." आणि बोलता बोलता अजून एक भाकर टाकायची ताटात.

पहिलं लेकरू माझं पोटातच गेलं. मीबी जाणार व्हते. सासूनं बैलगाडी जुंपली आणि मला औरंगाबादला मिशनच्या दवाखान्यात नेलं. गाव म्हणलं, तिथं धर्म बाटवतेत. सासू म्हणली, "आधी जगू तर दे, मग बाटू दे." हे तिचंच बोलणं. तिच्याच गाडीत बसून मी प्रभूकडं गेले. हे मी साक्षीत सांगितलं का कधी?

दवाखान्यात एक सिस्टर व्हती. केरळाकडची, मराठी मोडकंतोडकं. तिनं मला काय उपदेश केला नाय. माझ्या डोक्यात लेकराच्या दुःखानं जटा झालत्या. ती रोज तिची पाळी संपली की यायची, तेल घालून एक एक गुंता सोडवायची. बोलायची नाय. गुणगुणायची. एकदा मी विचारलं, "कोणाचं गाणं हाय?" तवा तिनं सांगितलं कोणाचं. तिनंच मला अक्षरं शिकवली. शास्त्र वाचता यावं एवढं मी शिकले, ते तिच्यापाशी.

माझा विश्वास खोटा नव्हता. हे कुणी हिसकावू नये माझ्याकडून. लेकरू गेल्यावर ज्याच्यापाशी मला बसावं वाटलं तो प्रभूच. विहिरीवर पाणी घेतलं, बाप्तिस्मा झाला, ते खरं. मग खऱ्याला खोट्याचा टेकू कशाला लावला मी? कुणी मागितला व्हता? त्या सिस्टरनं एवढी वर्षं बायांची डोकी विंचरली — ती उभी राहून काय बोलली व्हती का कुठं?

बाप्तिस्मा घेऊन घरी आले तवा सासू चिडली. ते खोटं नाय सांगत, चिडली. हंडा आपटला. म्हणली, "देव येगळा केलास. आता चूलबी येगळी मांड. नवराबी येगळा आण कुठून तरी." दीर हसला, तर त्याच्यावर पण काठी उगारली. मग दोन-चार दिवसांनी एकदा दळता दळता मला विचारलं, "तुझा देव बोकड खातो का?"

मी म्हणले, "नाय आत्या."

"कोंबडं?"

"नाय."

"मग त्याला रागबी येत नसंल." आणि दळायला लागली. एवढंच. झालं तिचं भांडण.

नवरा रानातून आला, त्याला सांगितलं. तो म्हणला, तुझं तू बघ. पुढं त्यानंबी पाणी घेतलं, पण ते लई मागाहून.

दुसऱ्या बाळंतपणाला लेक झाली. लेक तीन-चार महिन्यांची असताना म्हसोबाची कंदुरी आली. आमच्या शिवंवर शेंदराचा दगड हाय, तोच म्हसोबा. मेंढरं नीट राहिली की त्याला बोकड. आणि कंदुरीचा नियम लई कडक. मटण शिजताना कुणी मीठसुद्धा चाखून बघायचं नाय. आधी निवद त्याला. मग घरच्यांनी. आधी बोट जरी लावलं तर निवद उष्टा झाला, आणि म्हसोबा त्याचा राग मेंढरांवर काढतो. आमच्या घरात लहान पोरंसुद्धा त्या दिशी हात मागं बांधून बसायची.

मला मिशनच्या मास्तरांनी सांगितलं व्हतं, मूर्तीला दाखवलेलं खायचं नाय. आम्ही उपदेशकाला मास्तर म्हणायचो. मी सासूला आदल्या दिशी सांगून टाकलं, मी खाणार नाय. ती नुसती माझ्या पोरीकडं बघत राहिली, पोर पीत व्हती. त्या घरात वर्षातून एकदा-दोनदा मटण. अंगावर पाजणाऱ्या बाईनं ते सोडायचं — तिला ते बघवलं नाय.

दुसऱ्या दिशी बोकड कापला. मोठ्या पातेल्यात शिजायला पडलं. बाप्ये म्हसोबाकडं जागा सारवायला गेले, जाऊ पाण्याला. सासूनं मला वाड्यामागं हाक मारली. वाडा म्हणजे मेंढरांचा, काट्याचं कुंपण घातलेला. त्याच्या मागं तीन दगडांची चूल, वर लहान गाडगं. पदराखाली काहीतरी धरल्यासारखी ती उभी. लांडग्याला न भ्यालेली बाई, पण सारखी म्हसोबाच्या दगडाकडं वळून बघत व्हती.

"हे खा. त्याला अजून दाखवलेलं नाय. आधीच काढून घेतलंय तुझ्यापुरतं."

मी म्हणले, "आत्या, निवद उष्टा झाला."

"कुणाला सांगू नकोस. तुझ्या देवाचं म्हणणं ऱ्हायलं आणि माझ्या नातीचं दूधबी ऱ्हायलं."

"आणि तुमच्या देवाचं?"

"माझं मी बघून घेईन त्याच्याशी. गुमान खा. गरम हाय तवर."

मी खाल्लं. ती कुंपणापाशी पाठ करून उभी राहिली, कुणी येतंय का बघत. मग तिनं गाडगं फोडलं, खापऱ्या राखंत पुरल्या, हात धुतले, आणि घरात जाऊन मोठ्या पातेल्यातला निवद भरायला लागली. तोंडावर पदर घेऊन, म्हसोबाच्या ताटात. तुला समजतंय का तिनं काय केलं? जन्मभर ज्याला भ्याली, त्याच्या आधी तिनं मला जेवू घातलं.

मग दर कंदुरीला हेच. दरवेळी नवं गाडगं.

हीच ती सासू, जिनं मला उपाशी ठेवलं.

आता कसं झालं ते सांगते. नवऱ्याला चिकलठाण्याला कारखान्यात वॉचमनचं काम लागलं. आम्ही तिथं खोली घेतली, गावाकडं जाणंयेणं चालू व्हतं. तिथं मंडळी जमायची, एका खोलीत, चटया टाकून. बाया साक्ष द्यायच्या. एकीच्या हातावर डागलेलं व्हतं. एकीला चार लेकरांसगट घराबाहेर काढलेलं. त्या बोलल्या की सगळी खोली रडायची. मग माझी पाळी आली. मी उभी राहिले. माझ्यापाशी काय व्हतं? तेल घालून विंचरणारी एक सिस्टर आणि जेवू घालणारी एक सासू.

मी सिस्टरचं सांगितलं. लोकं ऐकत व्हती, पण जांभया देत. मास्तरांनी विचारलं, "आणि बाई, घरच्यांनी छळ केला असंल?" त्यांचा कसूर नाय, ते सगळ्यांनाच विचारायचे. "नाय केला" म्हणणं माझ्या तोंडात व्हतं. तीन शब्दसुद्धा नाय, दोन. आणि मला काय वाटलं ठाव हाय? लाज वाटली. सगळ्यांना प्रभूसाठी मार पडलाय, मलाच नाय. माझाच विश्वास फुकटचा. आणि खरं सांगायला गेले असते तर कुणीतरी विचारलं असतं — बोकड म्हसोबाच्याच नावचा ना? मग खाल्लंसच की तू. ते पण भ्या व्हतं.

मी म्हणले, "व्हय. मी निवद खाल्ला नाय म्हणून सासूनं उपाशी ठेवलं."

एक बाई हुंदका देऊन रडली. माझ्यासाठी. मग दुसरी. माझ्या जिंदगीत माझ्यासाठी अशी खोली रडली नव्हती — माझं लेकरू मेलं तवासुद्धा नाय. जिभेला गोड लागलं ते. ती गोडी मी पुढं किती वर्षं चाटत राहिले, मला थू म्हणावं वाटतं.

खोटं एकदा बोललं की तिथंच राहतंय व्हय? जीपमधी बसलं, करमाडला गेलं. बाजारात कुणीतरी ऐकलं, गावात पोचलं. आडावर बाया सासूला बोलायला लागल्या. जावंनं मला सांगितलं. एकजण म्हणली व्हती, "काय गं, सुनेला उपाशी ठेवून पुण्य लागतंय का म्हसोबाचं?" सासू काय म्हणली, मी विचारलं. जाऊ म्हणली, "काय नाय. हंडा भरला नि आली."

का बोलली नाय ती? तू सांग. कारण बोलायचं म्हणलं तर एकच बोलता आलं असतं — मी तिला जेवू घातलं, निवदाच्या आधी. आणि ते बोललं की ती गावात, भावकीत, देवापुढं, सगळीकडनं गेली. तिची सुटका ज्या गोष्टीत व्हती ती गोष्टच तिला बोलता येत नव्हती. आणि हे मला ठाव व्हतं. तिनं मला कधी विचारलं नाय, कौसे, असं का सांगितलंस. मी गावाला गेले की भाकर वाढायची. पहिल्यासारखी अजून एक टाकायची. फक्त हळू खाण्यावरनं बोलायची नाय.

मग एका साली मेंढरांना रोग पडला. तोंडाला फेस, खूर सडलेले. रोज दोन-चार मरायची. दिरानं भगताला बोलावलं. भगत म्हणला, निवद उष्टावलाय कुणीतरी. घरातल्या बायांनी भंडारा उचलायचा. म्हणजे देवापुढची हळद तळहातावर घेऊन शपथ. खोटी शपथ घेतली तर वंश जातो, असं मानतेत.

मी त्या दिशी तिथंच व्हते. पोरगी आजीपाशी ठेवलेली, तिला न्यायला गेलते.

अंगणात सगळी भावकी. जावंनं भंडारा उचलला, शपथ घेतली. चुलत जावंनं घेतली. मग भगतानं हात माझ्याकडं केला. आणि मी काय केलं? मी मान ताठ करून म्हणले, "मी ख्रिस्ती हाय. आमच्यात भंडारा चालत नाय, शपथबी चालत नाय."

बरोबर बोलले ना? शास्त्राप्रमाणं बरोबर. मास्तर ऐकते तर शाबासकी देते. पण मी ते प्रभूसाठी नाय बोलले. मी प्रभूच्या मागं लपले. मांजर पोत्यामागं लपतं तशी. मला शपथ घ्यायची नव्हतीच, मला नुसतं खरं बोलायचं व्हतं — आत्यानं माझ्यासाठी काढलं, खाल्लं मी. याला भंडारा लागत नाय.

भगत म्हणला, "ती बाटलेली हाय, तिला सोडा." मला सोडलं.

मग सासूची पाळी. म्हातारी उभी राहिली. भगतानं हळद पुढं केली. तिनं हात पुढं केला नाय. सगळे बघायला लागले. दीर म्हणला, "आई, घे की." ती घेईना. तिला खोटी शपथ घेता येईना. दगडाला शेंदूर लावलेल्या देवापुढं तिला खोटं बोलता येईना — आणि मी? मी जिवंत प्रभूच्या नावानं खोल्या भरभरून खोटं बोलत व्हते.

ती म्हणली, "उष्टावला मीच."

"कुणासाठी?" भगतानं विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. मुद्दाम बघितलं नाय. म्हणली, "माझ्या पोटासाठी. जीभ ऱ्हायली नाय."

मागनं एकजण म्हणली, "सुनेला उपाशी मारून सोता खाती, वा रं वा." बाया हसल्या. मी माझ्या पोरीचे केस नीट करत बसले. तेच आठवतंय मला. तिच्या वेणीच्या रिबिनीचा बो सोडून परत बांधला.

त्या दिवसापासून सासूला कंदुरीच्या पातेल्याला हात लावू दिला नाय. ज्या बाईनं तो सगळा मान सांभाळला ती दूर, दगडावर बसायची कंदुरीच्या दिशी. मेलेल्या मेंढरांचा पण दोष तिच्याच माथी. तिलाबी तो पटला असंल. कारण मटण तिनं सोडलं, ते मरेपर्यंत.

आणि मी चिकलठाण्याला आले आणि साक्षीत नवा तुकडा जोडला. "मी भंडारा उचलायला नाय म्हणले!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऐकतीयस का? टाळ्या.

सांगायचं व्हतं ते अजून संपलं नाय. एक राहिलंय. तेच मला बोलवत नाय.

पुढं सासू थकली. दीर-जावंचं आणि तिचं जमेना. नवरा तिला चिकलठाण्याला घेऊन आला. माझ्या घरात. खाटंवर पडून असायची, दिसायचं कमी. नातवंडांना मेंढरांच्या गोष्टी सांगायची. मंडळीतल्या बायांना समजलं की ती आलीय. बाया आजाऱ्याला भेटायला येतेत, प्रार्थना करतेत, तशा आल्या. चांगल्या मनानं आल्या. दारातच एकीनं माझ्या कानाला लागून विचारलं, "हीच का ती?"

मी मान हलवली.

दुसरी म्हणली, "नाव काय हो यांचं? प्रार्थनेत घ्यायला."

मी म्हणले, "सासू म्हणा नुसतं."

खाटंभोवती बाया उभ्या राहिल्या. एकीनं सासूच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. मोठ्यानं. प्रभू, या बाईनं तुझ्या लेकीला छळलं, तोंडचा घास काढला, हिच्या पापाची हिला क्षमा कर, जसं तुझ्या लेकीनं हिला क्षमा केली.

आणि शेवटी सगळ्या म्हणल्या, आमेन.

मी पण म्हणले. मोठ्यानं म्हणले. माझा आवाज मला ऐकू आला.

बाया गेल्यावर सासू म्हणली, "कौसे, कशाची क्षमा गं मागत व्हत्या?"

ती बहिरी नव्हती. दिसत नव्हतं, ऐकू सगळं येत व्हतं.

मी म्हणले, "सगळ्यांसाठीच मागतेत, आत्या."

ती म्हणली, "बरं." आणि थोड्या वेळानं, "पोरं जेवली का?"

काही महिन्यांत ती गेली. मी तिला सांगितलं नाय. वेळ नव्हता असं नाय, वेळ लई व्हता. रोज तिला भरवत व्हते मी. घास तिच्या तोंडात, आणि माझ्या तोंडात काय नाय.

त्याच्या मागं किती वर्षं झाली. चिकलठाण्याला तवा माळ व्हता, आता नुसत्या इमारती. आमची मंडळी खोलीतनं मोठ्या हॉलात गेली, पंखे आले, माईक आला. माईकवर तर मी अजून बरं थांबते.

रविवारी नव्या पोरींचा बाप्तिस्मा झाला. पाळक म्हणले, आजी, बळ द्या पोरींना. मी उभी राहिले. मनात म्हणलं, आज नाय सांगायचं. आज सिस्टरचं सांगायचं, तेलाचं सांगायचं. आणि तोंड उघडलं तर — "सासूनं मला उपाशी ठेवलं." जुनी गाडी जुन्या चाकोरीनं चालती तसं. जिथं थांबायचं तिथं थांबले. रडल्या बाया.

उपासना झाल्यावर चहाच्या वेळी एक पोरगी माझ्यापाशी आली. नुकतं पाणी घेतलेली, केस ओले. आमच्यासारखीच मेंढरावाल्यांच्या घरातली. लाजत म्हणली, "आजी, पुढच्या रविवारी माझी साक्ष हाय. पण माझ्यापाशी सांगायला काय नाय. माझी सासू काय बोलतच नाय मला. उलट मी उपासनेला येते तर सोताच स्वयंपाक करून ठेवती, झाकून. मग मी काय सांगू?"

मी हातातला कप टेबलावर आपटला. रागानं. त्या पोरीवर नाय.

मी म्हणले, "हेच सांग."

"काय?"

"झाकून ठेवती ते."

पोरगी हसली. "आजी, तुम्हीबी ना. ते काय साक्ष असती का? त्यानं कोण रडतंय? तुमच्यासारखं पायजे."

तिथंच सांगायचं व्हतं. ती पुढं उभी व्हती, हॉलात माणसं व्हती, माईक अजून चालू व्हता. मी म्हणले, "चहा घे, गार व्हतोय." आणि घरी आले.

एवढंच हाय. तू काय बोलू नकोस. म्हातारी झालीस, सोड आता, असं काय म्हणू नकोस. मी तुझ्याकडून काय मागत नाय. प्रभूकडं पण ह्याच्यासाठी काय मागत नाय, मागून मागून माझ्या तोंडाला आमेनची सवय लागलीय.

एवढ्या साक्षींत मी तिचं नाव कधी घेतलं नाय. सासू, सासू, नुसतं सासू.

ठकूबाई नाव व्हतं तिचं. तिनं मला उपाशी ठेवलं नाय. एक दिवस नाय, एक वेळ नाय. तिनं मला तिच्या देवाच्या आधी जेवू घातलं.